लाल मातीचे दोन उतार

मुख्याध्यापकाने दिवाळी अंकात काय लिहावे, याचे काही अलिखित संकेत आहेत. संस्कार, वाचनाची आवड, मातृभाषेतून शिक्षण, फार तर एखादे प्रवासवर्णन. मद्यावर त्याने लिहू नये. लिहिलेच तर व्यसनमुक्तीवर लिहावे. संकेत चांगला आहे. तरीही या वर्षी मी मद्यावर लिहिणार आहे. वाचकांनी भुवया उंचावण्यापूर्वी एवढेच सांगतो, की या लेखात पेला कमी आहे आणि गावाचे नाव जास्त आहे.

आमचे सुर्ला डिचोली तालुक्यातले. गोव्यात सुर्ले दोन. दुसरे सत्तरीत, चोर्ला घाटाच्या माथ्यावर, बेळगावहून येणाऱ्या रस्त्याच्या बाजूला. बेळगाव-खानापूरकडच्या मंडळींना मी सुर्ल्याचा म्हणून सांगितले, की त्यांच्या ओठांवर एक मिश्कील हसू येते. कारण हद्द ओलांडल्यावर लागणाऱ्या तिथल्या मद्याच्या दुकानांची कीर्ती घाटापलीकडे केव्हाच पोहोचली आहे. ही दुकाने आम्हांला नकोत, असा आवाज त्याच गावच्या लोकांनी उठवला, ही बातमी मात्र तितक्या वेगाने पोहोचली नाही. आमचे सुर्ला खाली, साखळीच्या बाजूला, मांडवीच्या खोऱ्यात. तारीवरची जुनी मशीद आणि तिचे तळे, मागे डोंगर, डोंगराच्या पाठीवर काजू आणि पोटात लोहखनिज. पोट आणि पाठ यांच्या भांडणात आमच्या गावाची साठ-सत्तर वर्षे गेली.

आमच्याकडच्या मराठी घरांत फेणीचे स्थान मोठे चमत्कारिक असे. देवघराच्या खोलीत तिला मज्जाव, पण औषधांच्या फळीवर तिची बाटली मानाने उभी. छातीत कफ झाला की आजी ती तळहातावर घेऊन चोळायची. दाढ दुखली की फेणीत बुडवलेला कापसाचा बोळा. पावसात भिजून आलेल्या गड्याला एक लहान पेला. आजी तिला कधी फेणी म्हणत नसे, "औषध" म्हणे. आणि साखळीहून किंवा सावंतवाडीहून पाहुणे आले की ते औषध फळीवरून कपाटाच्या आत जाई. मार्च ते मे या दिवसांत वाड्याच्या वरच्या अंगाला धूर दिसू लागे. तिथे आमच्या दादांच्या वडिलांची भट्टी होती. दादा म्हणजे माझे सख्खे कोणी नव्हेत; साऱ्या वाड्याचे दादा. आज ती भट्टी तेच चालवतात आणि त्यांचे वय सत्तरीच्या पुढे गेले आहे. त्यांचा मुलगा माझा विद्यार्थी. त्या दोघांकडे मी पुढे येणारच आहे. पण आधी जरा लांबचा वळसा घ्यावा लागेल.

२०२३ च्या मे महिन्याच्या सुट्टीत सौ. आणि मी मुलीकडे जर्मनीला गेलो. मुलगी आणि जावईबापू माइन्झ या शहरात राहतात. मुद्रणकलेच्या गुटेनबर्गचे हे गाव, एवढीच माझी त्याच्याशी ओळख होती आणि शिक्षकाला ती पुरेशी होती. गुटेनबर्गचे संग्रहालय पाहिले, ऱ्हाइन नदी पाहिली. पहिल्या शनिवारी जावईबापू म्हणाले, "बाबा, आज बाजारात जाऊ." आपल्याकडे म्हापशाला शुक्रवारचा बाजार, तसा तिथे शनिवारचा, कॅथेड्रलच्या सावलीत. भाजी, फुले, चीज, मध. आणि त्या बाजारातच एका बाजूला सकाळी दहा वाजता शेकडो माणसे हातात पेले घेऊन उभी! आजोबा, आजी, बाबागाडी ढकलणारी तरुण जोडपी. वाइन विकणारे कोणी दुकानदार नव्हते, आसपासच्या गावांतले द्राक्षांचे शेतकरी होते. पाव आणि सॉसेज खात, गप्पा मारत लोक अर्धा तास उभे राहत आणि भाजीची पिशवी उचलून घरी जात. एकही माणूस झिंगलेला दिसला नाही. सौ. माझ्या कानात म्हणाली, "हे तर आपल्याकडच्या चहाच्या गाड्यासारखेच झाले."

जावईबापूंनी माझ्या हातात एक लहान पेला दिला. रीसलिंग नावाच्या पांढऱ्या द्राक्षाची वाइन. ही जात त्या भागात जुनी आहे; माइन्झजवळच्याच र्‍यूसेल्सहाइम येथल्या १४३५ सालच्या एका हिशेबात या वेलींची खरेदी नोंदलेली आहे. मी दोन घोट घेतले. आपल्या गोव्यात 'पोर्ट' म्हणून मिळणारी गोड लाल वाइन लग्नात ओठांना लावलेली होती. ही वाइन तशी मुळीच नव्हती. गोडवा नाही, हिरव्या सफरचंदासारखी आंबट, आणि घशाखाली उतरल्यावर जिभेवर काहीतरी मागे राहते. पावसाळ्याच्या पहिल्या सरीनंतर दगडाला वास येतो ना, त्या जातीचे काहीतरी. मी विचारले, "ही कुठली?" मला देशाचे नाव अपेक्षित होते. विकणाऱ्या बाईंनी बाटली फिरवून दाखवली आणि उत्तर दिले ते गावाचे, आणि गावातल्या उताराचे. तो उतार नदीच्या कुठल्या अंगाला आहे, तिथे सकाळचे ऊन येते की दुपारचे, हेही सांगितले. आमच्या मुलांना भूगोलाच्या पेपरात एवढे उत्तर लिहिता आले तर मी धन्य होईन.

आठवडाभराने जावईबापू आम्हांला आगगाडीने निअरश्टाइनला घेऊन गेले. माइन्झपासून थोडेसे दक्षिणेला, ऱ्हाइनच्या काठी हे गाव आहे. स्टेशनातून बाहेर पडून आम्ही गावाच्या वर चढू लागलो आणि मी जागच्या जागी थांबलो. माती लाल होती. नुसती तांबूस नव्हे. आपल्या डिचोलीची, पावसात गुडघ्यापर्यंत धोतर रंगवणारी लाल. या उताराला तिथले लोक 'रोटर हांग' म्हणजे लाल उतारच म्हणतात. सुमारे अठ्ठावीस कोटी वर्षांपूर्वीच्या गाळाचा तो खडक, आणि त्यातले लोखंड गंजून आलेला हा रंग. आपला जांभा वेगळ्या कारणाने आणि वेगळ्या काळात घडला, पण रंग त्याच लोखंडाचा. आमच्याकडे त्या लोखंडासाठी डोंगर कापून मांडवीतून बार्जी भरल्या गेल्या. तिथे त्याच रंगाच्या मातीत माणसे हजार वर्षांहून अधिक काळ वेली जपत आली आहेत. तिथल्या ग्ल्योक नावाच्या एका मळ्याचा उल्लेख इ. स. ७४२ च्या दानाशी जोडलेला सांगतात आणि नावानिशी ठाऊक असलेला जर्मनीतला तो सर्वांत जुना मळा मानतात. आपल्याकडे कदंबांच्या ताम्रपटांत गावांच्या सीमा वाचायला मिळतात, त्याची मला आठवण झाली.

पण या गावाची खरी गोष्ट मला कळली ती संध्याकाळी. ऱ्हाइनकाठच्या त्या खेड्यांत एक जुना रिवाज आहे. शेतकऱ्याने आपल्याच मळ्याची वाइन आपल्याच घरी लोकांना बसवून विकावी, त्यासाठी हॉटेलचा परवाना लागत नाही. वर्षातून चार महिन्यांच्या वर मात्र चालवायचे नाही आणि चाळीसच्या वर माणसे बसवायची नाहीत. घर उघडे आहे याची खूण म्हणून दाराला पाल्याचा किंवा फुलांचा गुच्छ टांगायचा. अशा एका घराच्या अंगणात आम्ही बसलो. सौ.ने कांदा घातलेले मऊ चीज आणि पाव घेतला. घरधनी साठीचा होता, मनगटे आपल्या कुळागरात राबणाऱ्या माणसासारखी. जावईबापू दुभाषी झाले.

त्याने जे सांगितले ते मी पुढे वाचून पडताळले. जर्मनीत १९७१ साली वाइनचा नवा कायदा आला. त्यापूर्वी मळ्यांची लहान लहान नावे हजारोंनी होती. पंचवीस-तीस हजार तरी. कायद्याने ती एकत्र करून सुमारे अडीच हजारांवर आणली. कारभाराला सोयीचे झाले. दुसरे असे, की वाइनची प्रत ठरवायची ती रसात साखर किती यावरून. ती मोजायला एकोणिसाव्या शतकातल्या एक्स्ले नावाच्या कारागिराची मोजपट्टी होतीच. उतार कुठला, माती कसली, वेल किती जुना, हे मागे पडले. अंश तेवढे उरले. आणि तिसरी गोष्ट सर्वांत वाईट. काही नामांकित गावांची नावे मोठ्या प्रदेशांना देऊन टाकली गेली. 'निअरश्टाइनर गुटेस डोमताल' असे लिहिलेल्या बाटलीत निअरश्टाइनच्या लाल उताराचा एक थेंबही नसे. आजूबाजूच्या पंधराएक गावांतली सपाटीवरची द्राक्षे त्या नावाखाली जात. गावाचे नाव कायदेशीरपणे विकले गेले आणि गाव बघत राहिले.

पुढे व्हायचे ते झाले. वॉर्म्स शहरातल्या एका चर्चभोवतीच्या मळ्यावरून पडलेले 'लीबफ्राउमिल्ख' हे जुने नाव स्वस्त, गोड, पातळ वाइनला लागले आणि ती परदेशांत जहाजे भरभरून गेली. १९८५ साली ऑस्ट्रियातल्या काही व्यापाऱ्यांनी वाइन गोड आणि दाट लागावी म्हणून डायएथिलीन ग्लायकॉल हे रसायन मिसळल्याचे उघड झाले, आणि काही जर्मन बाटल्यांतही ते सापडले. जर्मन वाइन म्हणजे हलका माल, हे जगाने ठरवून टाकले. आमचा घरधनी सांगत होता, की त्याचे वडील तेव्हा आपली वाइन पिंपांतून मोठ्या व्यापाऱ्याला देत. टँकर यायचा, भरायचा, जायचा. पुढे ती कुठल्या नावाने कुणी प्यायली, हे त्या घराला कधी कळले नाही.

मग बदल कुठून झाला? हा माझा शिक्षकी प्रश्न. उत्तर साधे होते: मुले शिकून परत आली. ऱ्हाइनपलीकडे गायझनहाइम येथे १८७२ पासून द्राक्षविद्येची शाळा आहे. या घरचा मुलगाही तिथे शिकला. त्याच्यासारखी अनेक मुले, आणि मुलीही, साधारण २००० नंतर घरच्या मळ्यांवर आली. त्यांनी टँकर बंद केला. पीक मुद्दाम कमी घेतले, साखर घालवून वाइन कोरडी केली, आणि बाटलीवर पुन्हा उताराचे नाव घातले. मोठ्या नावाच्या मळेवाल्यांची एक संघटना १९१० पासून होतीच. तिने ठिकाणांची प्रतवारी पुन्हा मांडली, आणि २०२१ साली कायद्यानेही तेच तत्त्व उचलले: ठिकाण जितके लहान, तितकी अट कडक. पन्नास वर्षांनी सरकारला गावाचे नाव परत द्यावे लागले. हे सगळे सुखान्त नाही. मोझेल नदीच्या खोऱ्यातले उभे उतार आज ओस पडत आहेत, कारण तिथे यंत्र चालत नाही आणि हातांची मजुरी परवडत नाही. तरुण पिढी वाइन कमी पिते. आणि २०२१ च्या जुलैमध्ये आर नदीच्या पुरात अनेक छोट्या शेतकऱ्यांची तळघरे वाहून गेली. पण त्यांनी काय केले? चिखलाने माखलेल्या बाटल्या न धुता तशाच विकायला काढल्या आणि लोकांनी त्या मदत म्हणून घेतल्या. गाव ओळखीचे असले की त्याचा चिखलही विकत घ्यावासा वाटतो.

परतीच्या विमानात माझ्या डोक्यात दादांची भट्टी होती.

वाचकांपैकी ज्यांनी भट्टी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. काजूचा बोंडू झाडावरून तोडत नाहीत. तो पिकून आपणहून पडायला हवा. दादा म्हणतात, "मास्तर, बोंडू झाडाच्या मनान पडटा, आमच्या न्हय." सकाळी बायामाणसे काठीच्या टोकाला टोचून तो गोळा करतात, बी पिरगळून वेगळी काढतात. मग खडकात खोदलेल्या कोळंबीत बोंडू पायांनी तुडवायचे. आता पुष्कळ ठिकाणी यंत्र आले आहे. दादांकडे अजून पाय आहेत. तुडवलेल्या चोथ्याचा ढीग करून वर दगड ठेवला की थेंब थेंब निथळतो तो नीरो. तो ताजा प्यावा. आमच्या शाळेतली मुले मार्चमध्ये तोंडाला त्याचा वास घेऊनच वर्गात येतात. बाकीचा रस तीनेक दिवस आंबत ठेवायचा. त्यात खमीर नाही, पाणी नाही. जे काही करायचे ते हवा करते. मग तांब्याचे भाण, खाली लाकडाचा जाळ. पहिल्या धारेचा हुर्राक, साधारण पंधरा टक्क्यांच्या आसपासचा, त्याच मोसमात संपणारा. तो पुन्हा भाणात चढवला की फेणी, चाळीसच्या पुढची. जोर मोजायला पोर्तुगीज काळापासूनची 'ग्राव'ची काच आहे. पण दादा बाटली हलवतात, वर आलेल्या फेसाचे मणी किती वेळ टिकतात ते पाहतात, आणि काच नंतर बुडवतात. काच बहुतेक वेळा त्यांच्याशी सहमत असते.

आता या फेणीचे सरकारदरबारी काय झाले? गोवा मुक्त झाल्यावर १९६४ च्या अबकारी कायद्यात ती 'देशी दारू' या सदरात बसली आणि त्या शिक्क्यामुळे राज्याबाहेर तिला दार उघडले नाही. २००९ साली काजूफेणीला भौगोलिक निर्देशांक मिळाला. गोव्याला मिळालेला तो पहिलाच. २०१६ साली कायदा दुरुस्त करून तिला वारशाचा दर्जा दिला. २०२१ साली तिच्यासाठी स्वतंत्र धोरण आले. पावले योग्य दिशेने आहेत. काही तरुण उत्पादकांनी चांगल्या बाटलीतून ती मोठ्या शहरांत आणि परदेशांतही नेली, हेही अभिमानाचे. पण बाटलीवर नाव असते ते गोव्याचे आणि कंपनीचे. पेडण्याच्या सड्यावरचा बोंडू, काणकोणच्या डोंगरातला आणि आमच्या सुर्ल्याचा, यांची चव एक नसते, हे कुठल्याही जुन्या भट्टीवाल्याला ठाऊक आहे. बाटलीला ते ठाऊक नाही. दादांची फेणी व्यापारी घेऊन जातो, ती चार गावच्या फेणीत मिसळते. टँकर नाही, टेम्पो आहे, एवढाच फरक. आणि बाजारात स्पिरिटमध्ये वास मिसळून फेणी म्हणून विकणारेही आहेत, त्यांच्याशी दादांना भावात स्पर्धा करावी लागते.

महाराष्ट्रातल्या वाचकांना नाशिकचे उदाहरण जवळचे वाटेल. २००१ साली राज्य शासनाने वाइनसाठी धोरण आणले, द्राक्ष पिकवणाऱ्या अनेकांनी कर्ज काढून लहान कारखाने घातले. २००८-०९ च्या मंदीनंतर त्यांतले बरेच अडचणीत आले. मोठे टिकले, आज सह्याद्रीच्या वाइनला नाव आहे. पण बाटली हातात घेऊन गावाचे नाव सांगणारा शेतकरी तिथे अजून थोडाच. आणि आपल्या शेजारच्या सिंधुदुर्गात तर तेरेखोलच्या एका काठावर बोंडूचा नीरो होतो आणि दुसऱ्या काठावर, वेंगुर्ल्याच्या उत्तम जातीच्या काजूखाली, बरेचसे बोंडू कुजून जातात. फळ तेच, माती तीच. मधे फक्त अबकारीची रेषा.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे, नाहीतर शाळेत तोंड दाखवायला जागा राहणार नाही. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे मी मोजली आहेत. हजेरीपटावरून मोजली आहेत. सोमवारी हमखास गैरहजर राहणारा मुलगा, वर्गात डोळे मिटून बसणारी मुलगी, फीची आठवण केली की मान खाली घालणारी आई. फेणीमुळे ही घरे बुडत नाहीत, असे म्हणणे खोटेपणाचे होईल. ती स्वस्त असते, जवळ असते आणि तीही बुडवते. माइन्झच्या बाजारातला तो नेमस्तपणा पाहून आपणही तसे होऊ, अशी भाबडी आशा मी बाळगत नाही. जर्मनीतही व्यसनी माणसे आहेत आणि त्यांची मुले आहेत. मला एवढेच दिसते, की ज्या भागात दारू फक्त विकली जाते आणि ज्या भागात ती पिकवली जाते, त्यांत एक अंतर आहे. घाटावरच्या सुर्ल्याला दुकाने मिळाली, गल्ला मिळाला आणि वाटसरूंचा गोंधळही मिळाला. बाटली दुसऱ्याची होती. दादांनी मात्र आयुष्यभर दिवसा भट्टीवर पेला धरू दिला नाही. "हांगा काम चलता," म्हणून हाकलून देतात. करणाऱ्याचे नाव त्या वस्तूशी बांधलेले असले, की तो तिची लाज राखतो. बिननावाच्या मालाला लाज कोण राखणार?

दादांच्या मुलाचे सांगायचे राहिले. दहावीनंतर तो शिकला नाही, कारण तेव्हा आमच्याकडे खाण होती आणि खाणीला ट्रक लागत. त्याने कर्ज काढून ट्रक घेतला. २०१२ च्या शरद ऋतूत सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने खाणी थांबल्या, मधे थोड्या चालल्या, आणि २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा बंद झाल्या. ट्रक विकून तो बापाच्या भट्टीवर आला. २०२४ साली डिचोली तालुक्यात खनिज पुन्हा निघू लागले तेव्हा त्याच्या जुन्या सोबत्यांनी त्याला बोलावले. तो गेला नाही. पण डोंगराकडे दुसऱ्यांचेही लक्ष असते. काजूच्या उताराचे भूखंड पाडून विकावेत, असे सुचवणारे लोक आता गावात मोटारीने येतात आणि दादांच्या ओट्यावर बसून जो आकडा सांगतात, तो ऐकून भट्टीचा हिशेब मांडायलाही लाज वाटावी.

जर्मनीहून आल्यावर मी त्या मुलाला लाल उताराची छायाचित्रे दाखवली आणि १९७१ च्या कायद्याची हकीकत सांगितली. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "सर, आमच्या डोंगरालासुद्धा नावे होती ना?" होती आणि आहेत. उताराचा एक भाग वडाच्या नावाने ओळखला जातो, एक झरीच्या, एक कुणा पणज्याच्या. पण एक-चौदाच्या उताऱ्यावर नुसता सर्व्हे नंबर आहे आणि खाली पोटहिस्सा. गंमत अशी, की आमच्याकडची ही मोजणीही १९७० नंतरच्याच वर्षांतली. दोन देशांत, एकाच सुमाराला, कारभाराच्या सोयीसाठी मातीची नावे आकड्यांत गेली.

गेल्या दोन मोसमांत त्या मुलाने एक काम केले आहे. झरीकडचे बोंडू आणि वडाकडचे बोंडू तो वेगळे तुडवतो, वेगळे आंबवतो, वेगळे गाळतो. दादा आधी कुरकुरले. दुप्पट खटाटोप, भाव तोच. मग एके रात्री त्यांनी दोन्ही फेण्यांचा वास घेतला आणि पोराला सांगितले, की वडाकडची माती अंगाने जड आहे, तिला जाळ हळू दे. हे ज्ञान त्यांच्याकडे होतेच. कुणी विचारले नव्हते. आता घराच्या माळ्यावर गाराफांवांची, म्हणजे काचेच्या पोटफुग्या बुधल्यांची, एक रांग आहे. ती विकायची तर परवाना, बाटली, लेबल, सारे करावे लागेल, आणि त्याला पैसा लागेल. तूर्त प्रत्येक गाराफांवाच्या गळ्यात दोरीने एक पुठ्ठा बांधला आहे: साल, उताराचे नाव, गावाचे नाव.

पुठ्ठे लिहिण्यापूर्वी तो शाळेत आला होता. उताराचे नाव देवनागरीत लिहू की रोमीत, मराठी वळणाने लिहू की कोंकणी, हे विचारायला. आमच्या या दुभाषी मुलखात या प्रश्नावरून थोरामोठ्यांनी सभा उधळल्या आहेत. मी त्याला म्हटले, "तुझी आजी जसे म्हणायची तसे लिही." त्याने तसेच लिहिले आहे. व्याकरणाच्या तासाला मी त्याचे दोन गुण कापले असते.

भट्टीचा हक्क आमच्याकडे पावणीने, म्हणजे लिलावाने मिळतो. पुढच्या मोसमाच्या आधी ती पुन्हा होईल. दादा म्हणतात, पोर बोली लावणार असेल तर भाण कल्हई करून घेतो, नाहीतर तांब्याला भाव बरा आहे. मोटारीने येणाऱ्या मंडळींना त्यांनी दिवाळीनंतर या म्हणून सांगितले आहे. पोराने अजून होय म्हटलेले नाही, नाहीही म्हटलेले नाही.

वाचकहो, तुम्ही पिणारे असा की न पिणारे, तो तुमच्या घरचा प्रश्न आहे, आणि न पिणाऱ्यांबद्दल मला आदरच आहे. पण येत्या मार्चमध्ये डिचोली-पेडण्याच्या वाटेवर कुठे धूर दिसला आणि कुणी बाटली पुढे केली, तर घेण्यापूर्वी किंवा नाकारण्यापूर्वी एवढे विचारा: ही कुठल्या डोंगराची? उत्तर आले नाही तर पुढे जा. उत्तर आले, तर दोन मिनिटे थांबून ते ऐका. सांगणाऱ्या माणसाला हा प्रश्न बहुधा पहिल्यांदाच कुणीतरी विचारलेला असेल.